ड्रायव्हरमधली स्टेट आणि मेमरी : सगळं नव्यानं लिहायच्या आधी तीन स्विच टाकून बघ

निपाणीच्या एका मुलानं विचारलंय, थोडक्यात असं. एका छोट्या एआरएम बोर्डवरच्या जीपीयूसाठी, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपसाठी, तो मेसामध्ये (लिनक्सवरच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) गॅलियमवर (मेसातला ड्रायव्हर लिहायचा सामाईक सांगाडा) ड्रायव्हर लिहितोय, नोकरी सांभाळून, रात्री बसून. डर्टी फ्लॅग, म्हणजे ही स्टेट (सेटिंग) बदललीय, जीपीयूला पुन्हा पाठव अशा खुणा, चाळीसच्या आसपास गेलेत, एक दुरुस्त केला की दुसरा बिघडतोय. एका गेममध्ये भिंतीवर मधेच फॉन्टची अक्षरं उमटतात आणि पुढच्या फ्रेमला गायब. आणि तासभर चालू ठेवलं की मेमरी चढत चढत जाऊन शेवटी कर्नल प्रोसेस मारून टाकतो. सोबत कोडचा तुकडाही पाठवलाय. मग प्रश्न : सर, सगळं नव्यानं लिहू का? आणि लिहायचंच तर रस्टमध्ये लिहू का?

सर नको, दादा म्हण. वयानं लहान आहेस हे प्रश्नातूनच कळतंय म्हणून मीही अरे-तुरेच करतो, राग मानू नकोस.

आधी एक सांगतो, तू तीन वेगळे प्रश्न लिहिलेस पण मला त्यात एकच दिसतोय. एकच गोष्ट तुझ्या ड्रायव्हरमध्ये तीन जागी लिहून ठेवलेली आहे आणि त्या तीन जागा जुळवत बसायचं काम चाळीस फ्लॅग करतायत. अॅपनं काय मागितलं ती एक प्रत, तू त्यातून हिशोब करून ठेवलेली दुसरी, आणि हार्डवेअरमध्ये आत्ता काय बसलंय अशी तुझी समजूत ती तिसरी. यातली मधली प्रत जेवढी मोठी तेवढा ताप मोठा. फ्लॅग कमी करून हे सुटत नाही, प्रती कमी केल्या तर फ्लॅग आपोआप गळतात.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत आणि त्या तू लिहिलेल्या नाहीस. तुझा जीपीयू टाइलवर (चित्राचे तुकडे पाडून) काम करणारा आहे का, त्याला स्वतःचा एमएमयू (मेमरीचे पत्ते बदलून देणारा भाग) आहे का, कर्नलमधला ड्रायव्हर मेनलाइनचा (मुख्य लिनक्स कर्नलमधला) आहे की तूच लिहिलेला, आणि बफरचे (मेमरीच्या तुकड्यांचे) पत्ते कर्नल ठरवतोय की तू. बोर्ड छोटा आहे म्हणजे वेगळी व्हीरॅम (जीपीयूची स्वतःची मेमरी) नसणार, सगळी मेमरी सीपीयूबरोबर वाटून असणार, असं धरून चालतो.

माझे वडील बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत होते आणि मी शाळेत असताना सुट्टीत डबा द्यायला जायचो, त्यामुळं माझ्या डोक्यात ड्रायव्हर म्हटलं की तेच चित्र येतंय, काय करणार. तिथं पॅटर्न आधी बनवून ठेवलेला असतो. मोल्डिंगवाला दर मोल्डला नवा पॅटर्न कोरत बसत नाही, जॉब बदलला की रॅकवरचा पॅटर्न काढतो, लावतो, वाळू ठोकतो. गॅलियममध्ये ब्लेंड, रास्टरायझर, डेप्थ-स्टेन्सिल, सॅम्पलर (रंग मिसळणं, आकाराचे पिक्सेल करणं, खोली तपासणं, टेक्स्चर वाचणं यांच्या सेटिंग) यांना क्रिएट, बाइंड, डिलीट असे तीन वेगळे फंक्शन दिलेत ते याचसाठी. क्रिएटच्या वेळी सगळा हिशोब करायचा आणि हार्डवेअरला जसे शब्द लागतात तसे थेट पॅक करून ठेवायचे. बाइंडला फक्त पॉइंटर बदलायचा. ड्रॉला, म्हणजे चित्र काढायच्या हुकमाला, फक्त कॉपी. तू काय केलंयस, क्रिएटमध्ये अॅपचं स्ट्रक्चर जसंच्या तसं मेमकॉपी करून ठेवलंयस आणि सगळा हिशोब ड्रॉमध्ये. म्हणजे दर मोल्डला पॅटर्न कोरणं.

हे फक्त स्पीडसाठी नाही बरं का. इंटेलचा जुना आय९६५ ड्रायव्हर आणि नंतरचा आयरिस यांच्यात जो फरक पडला त्यात हा एक मोठा भाग होता. आयरिसमध्ये स्टेट आधीच पॅक करून ठेवतात, बफरचे पत्ते युजरस्पेसच (ड्रायव्हरचा कर्नलबाहेरचा भाग) ठरवतो त्यामुळं कर्नलनं कमांड बफरमध्ये (जीपीयूला द्यायच्या हुकमांच्या यादीत) शिरून पत्ते दुरुस्त करायची भानगड गेली, आणि ड्रॉच्या वाटेवरचा कोड कमी झाला. 2020 च्या मेसा 20.0 पासून इंटेलच्या ब्रॉडवेल आणि पुढच्या चिप्सना तोच डीफॉल्ट आहे. आणि मेसा 22.0 मध्ये तर गॅलियम नसलेले जुने क्लासिक ड्रायव्हर मेन झाडावरून काढूनच टाकले, अँबर नावाच्या वेगळ्या ब्रँचला ठेवले. मोठमोठ्या लोकांनी सोपं करायचं म्हणजे बरचसं पुसूनच टाकलंय.

पण सगळं क्रिएटमध्ये बसत नाही, आणि तुझे फ्लॅग वाढलेत ते इथंच. एक उदाहरण घे. फ्रेमबफरच्या (चित्र जिथं उमटतं त्या मेमरीच्या) फॉरमॅटमध्ये अल्फा (पारदर्शकता) नसला तर डेस्टिनेशन अल्फा एक धरायचा असतो, पण तुझ्या हार्डवेअरला तो चॅनेल मेमरीत पडलेला दिसत असेल तर तो तिथला कचरा वाचणार. म्हणजे ब्लेंडचे शब्द फक्त ब्लेंडवर अवलंबून नाहीत, फ्रेमबफरवरही आहेत. सिझरचं (चौकोनाबाहेर रंगवू नको या सेटिंगचं) तसंच, चौकोन एकीकडं आणि तो चालू की बंद हे रास्टरायझरमध्ये. अशा ठिकाणी लोक काय करतात, ब्लेंड बदलला तर हा फ्लॅग, फ्रेमबफर बदलला तर तो फ्लॅग, दोन्ही बदलले तर तिसरा, आणि मग कुणाला आठवतंय कुठला कधी लावायचा.

माझा नियम असा आहे की फ्लॅगला नाव अॅपच्या गोष्टीचं द्यायचं नाही, हार्डवेअरच्या पॅकेटचं, म्हणजे जीपीयूला जाणाऱ्या एकेका हुकमाचं, द्यायचं. तुझ्या जीपीयूला समजा चौदा प्रकारची पॅकेट जातात, तर फ्लॅग चौदा, पंधरावा नाही. प्रत्येक पॅकेटला एक फंक्शन, ते फंक्शन कॉन्टेक्स्टमधून जे लागतंय ते वाचतं आणि लिहितं, कुठंही साठवून ठेवत नाही. आणि एकच तक्ता, एका फाइलमध्ये, की अॅपची कुठली गोष्ट बदलली की कुठली पॅकेट पुन्हा पाठवायची. ब्लेंड बदलला, ब्लेंडचं पॅकेट. फ्रेमबफर बदलला, फ्रेमबफर, ब्लेंड आणि सिझर, तिन्ही. एएमडीच्या रेडिऑनएसआय ड्रायव्हरमध्ये याला अॅटम म्हणतात, बघ वाचून, प्रत्येक अॅटमला एक एमिट फंक्शन. वल्कन नावाच्या ग्राफिक्स एपीआयसाठी मेसात जो सगळ्यांचा मिळून रनटाइम आहे त्यात डायनॅमिक स्टेटचा हिशोब एकाच जागी ठेवलाय आणि बरेच ड्रायव्हर तोच वापरतात. पॅकेट एखाद्या वेळी उगाच दोनदा गेलं तरी चालतं. गेलं नाही तर मात्र तू तीन आठवडे शोधत बसणार.

तीन आठवडे हा आकडा हवेतला नाही, माझेच गेलेत. पावसाळ्याचे दिवस, दिवसाआड लाईट जाणार, इन्व्हर्टरवर बोर्ड चालवत होतो. एका मॅपच्या अॅपमध्ये अर्धा स्क्रीन बरोबर आणि खालचा अर्धा सिझर सोडून रंगलेला, ते पण रोज नाही. शेवटी कळलं की कमांड बफर भरला की मी मधेच सबमिट करून नवीन बॅच (हुकमांचा पुढचा गठ्ठा) सुरू करत होतो आणि नवीन बॅचला हार्डवेअरची जुनी स्टेट आठवत नसते हे मी विसरलो होतो. अॅप छोटं असलं की बफर भरायचाच नाही म्हणून टेस्ट सगळ्या पास. तेव्हापासून बॅच सुरू करणारं फंक्शन एकच ठेवतो आणि त्याची पहिली ओळ म्हणजे सगळे फ्लॅग लाव. तुझ्या कोडमध्ये नवीन बॅच चार ठिकाणाहून सुरू होते असं तू पाठवलेल्या तुकड्यावरून दिसतंय, ते आधी एक कर.

क्लिअर (स्क्रीन पुसणं) आणि ब्लिट (चित्राचा तुकडा कॉपी करणं) यांबद्दल एवढंच, की स्वतःची सेव्ह-रिस्टोअर यंत्रणा लिहू नकोस, गॅलियममध्ये हेच काम करणारा यू-ब्लिटर आहे, तो वापर, आणि तो जे जे सेव्ह करायला सांगतो ते सगळं सेव्ह कर, एकही गाळू नकोस.

आता भिंतीवरची अक्षरं. ह्यावर जरा जास्त बोलतो कारण इथं स्टेट आणि मेमरी एकमेकांत अडकलेत.

फाउंड्रीत मोल्डिंग बॉक्स मोजके असतात. वाळू ठोकली, धातू ओतला, की तो बॉक्स थंड होईपर्यंत अडकला. कास्टिंग जेवढं जड तेवढा वेळ जास्त. घाईत एकानं बॉक्स लवकर फोडला आणि आतलं कास्टिंग अजून लाल, ते मी बघितलंय. तिथला फोरमन कानडी, तो दिवसभर एकच शब्द ओरडायचा, निधान, निधान. हळू. तुझा बफर कॅश (मोकळे झालेले बफर पुन्हा वापरायला ठेवायची जागा) हा त्या बॉक्सच्या रांगेसारखा आहे. सीपीयूच्या दृष्टीनं बफर मोकळा झाला, रेफरन्स काउंट (किती जण तो धरून आहेत तो आकडा) शून्य, तू तो कॅशमध्ये टाकलास, पुढच्या क्षणी फॉन्टच्या टेक्स्चरनं तोच उचलला आणि त्यात अक्षरं लिहिली. जीपीयू मात्र अजून आधीच्या फ्रेमची भिंत त्यातूनच वाचत होता. धातू लाल असताना बॉक्स फोडला.

इथं एक गोम आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. तू बफरचं हँडल खरोखर बंद केलं असतंस तर काही बिघडलं नसतं, कारण कर्नलमधला ड्रायव्हर धड असेल तर जॉब संपेपर्यंत त्यातल्या प्रत्येक बफरचा रेफरन्स तो स्वतः धरून ठेवतो. पण कॅशमध्ये टाकणं म्हणजे बंद करणं नव्हे, कर्नलला त्यातलं काहीच कळत नाही. म्हणजे कॅश आणलास की कर्नल देत होता ती राखण तुझ्या अंगावर आली. कॅशमधून बाहेर काढताना त्याचा फेन्स (जीपीयूचं काम संपल्याची खूण) झालाय का विचारायचं, झाला नसेल तर पुढचा बघायचा, कुठलाच नसेल तर नवीन घ्यायचा, थांबायचं नाही. आणि पत्ते तू स्वतः बांधत-सोडत असशील, म्हणजे व्हीएम-बाइंडच्या पद्धतीनं, तर जीपीयू वापरत असताना पत्ता सोडायचा नाही ही जबाबदारीही तुझीच.

बॅचनं हात लावलेल्या प्रत्येक बफरचा एक रेफरन्स बॅचकडं, आणि बॅचचा फेन्स झाल्यावरच ते सगळे एकदम सोडायचे. हाताने कुठंही फ्री करायचं नाही. एवढा एक नियम पाळलास तर आयुष्यातले निम्मे हँग जातील.

पण अक्षरांचं दुसरं कारणही असू शकतं आणि मला तर त्याचाच संशय जास्त आहे. अॅप म्हणतं, हा बफर टाकून दे, नवीन मजकूर देतो. तू शहाण्यासारखा थांबत नाहीस, त्या रिसोर्सच्या (टेक्स्चर वगैरे, अॅपला दिसणाऱ्या वस्तूच्या) मागं नवा बफर लावतोस. बरोबर केलंस. पण तुझ्या सॅम्पलर व्ह्यूमध्ये (टेक्स्चर कसं वाचायचं ते सांगणाऱ्या नोंदीत) क्रिएटच्या वेळीच टेक्स्चरचा पत्ता पॅक करून ठेवलाय ना? तो जुनाच राहिला. आणि जुना बफर आता कॅशमध्ये जाऊन फॉन्टच्या हातात. म्हणजे वर मी जो सल्ला दिला की सगळं आधीच पॅक करून ठेव, तोच इथं गळ्यात आला. म्हणून त्याला पोटनियम लावतो, पॅक करायचं ते पत्ता सोडून. फॉरमॅट, रुंदी, उंची, स्विझल (रंगांच्या चॅनेलचा क्रम) हे सगळं क्रिएटमध्ये, पत्ता मात्र एमिटच्या क्षणी रिसोर्सला विचारून भरायचा. आणि रिसोर्सच्या मागचा बफर बदलला की तो जिथं जिथं बांधलेला असेल, व्हर्टेक्स, कॉन्स्टंट, सॅम्पलर व्ह्यू, फ्रेमबफर, त्या सगळ्या पॅकेटचे फ्लॅग लावायचे. हे फंक्शनसुद्धा एकच असू दे. माझं तर मत असं की सुरुवातीला नेमकं कुठं बांधलंय ते शोधत बसू नकोस, सगळेच फ्लॅग लाव, मोजल्यावर जड वाटलं तर बघता येतंय.

मेमरी चढण्याची कारणं दोन असणार. पहिलं म्हणजे साखळी. बॅचकडं रिसोर्सचा रेफरन्स, आणि रिसोर्सकडं शेवटी कुठल्या बॅचनं लिहिलं म्हणून त्या बॅचचा रेफरन्स. दोघं एकमेकांचा हात धरून बसलेत, काउंट कधीच शून्य होणार नाही. रिसोर्समध्ये बॅचचा पॉइंटर नको, नुसता चढता नंबर ठेव. नंबर फेन्सच्या पुढं आहे की मागं एवढं बघितलं की काम झालं.

दुसरं, कॅशच्या बादल्यांचे (एकाच आकाराच्या बफरांच्या गटांचे) साइज. तू दोनच्या घातात गोल करतोस. आता साधा स्वस्त लॅपटॉपचा किंवा मॉनिटरचा स्क्रीन घे, 1366 बाय 768, पिक्सेलला 4 बाइट. गुणाकार कर, 41,96,352 बाइट. 4 एमबी म्हणजे 41,94,304. फक्त 2,048 बाइट जास्त, आणि त्या दोन केबीपायी तू 8 एमबी देतोस! तीन बफर धरले तर 12 च्या जागी 24, तेही छोट्या बोर्डवर. दोन घातांच्या मधे तीन पायऱ्या घाल, 4 नंतर 5, 6, 7, मग 8. आयरिसमध्ये असंच आहे. आणि कॅशमध्ये एक-दोन सेकंद कुणी हात न लावलेला बफर खरोखर सोडून दे, रिकामे बॉक्स अंगणात रचून ठेवण्यात काय अर्थ आहे.

बारीकसारीक कॉन्स्टंटसाठी दर वेळी बफर बनवतोयस तेही बंद कर, 64 बाइटसाठी किमान 4 केबीचं पान जातंय. यू-अपलोड मॅनेजर एक मोठा बफर घेऊन त्यातच पुढं पुढं सरकत देतो. आणि शेडर कंपाइल करताना जे शेकडो छोटे तुकडे घेतोस त्यांना मेसाचा रॅलॉक वापर. त्यात प्रत्येक तुकड्याला आई असते, आईला सोडलं की पोरं सगळी सुटतात.

कर्नलमधला भाग तूच लिहिला असशील तर तिथंही स्वतःचं काही शोधू नकोस. जेम (कर्नलमधला जीपीयूची मेमरी सांभाळणारा भाग) 2008 मध्ये लिनक्स 2.6.28 ला आला, टीटीएम (तसाच दुसरा) 2009 मध्ये 2.6.31 ला, तेव्हाच्या लोकांना खरंच सगळं हातानं करावं लागत होतं. आता शेअर्ड मेमरीवाल्या चिपला जेमचा शमेम हेल्पर तयार आहे, पॅनफ्रॉस्ट (माली जीपीयूचा ड्रायव्हर) 5.2 मध्ये आला तो त्याच्यावरच. बरेच बफर एकदम लॉक करायला डीआरएम-एक्झेक 6.6 पासून, पत्त्यांच्या हिशोबाला जीपीयू-व्हीएम, जॉब रांगेत लावायला डीआरएम शेड्युलर. हे वापरलंस तर तुझा कर्नल ड्रायव्हर बऱ्याच कमी ओळींचा भरेल, आणि रिव्ह्यू करणारेही खूश, कारण त्यांना ओळखीचा कोड दिसतो.

रस्टचं काय? मला रस्ट आवडतं. मेसात रस्टिकल (ओपनसीएलसाठी) आहे, एनव्हीकेचा (एनव्हिडियाच्या चिपसाठीच्या वल्कन ड्रायव्हरचा) शेडर कंपायलर रस्टमध्ये आहे, असाहीचा (अॅपलच्या चिपवर लिनक्स चालवणाऱ्या प्रकल्पाचा) कर्नल ड्रायव्हरही. सीपीयूच्या बाजूचा मालक कोण हे रस्ट तुझ्याकडून वदवून घेईल, ते खरंच मोठं आहे. पण तुझा भिंतीवरचा बग रस्टमध्ये जसाच्या तसा राहिला असता, कारण जीपीयू तिकडं अजून वाचतोय की नाही हे कंपायलरला दिसत नाही. ते फेन्सलाच विचारायला लागतंय. त्यामुळं आत्ता भाषा बदलू नकोस, आधी मालकी कुणाची ते कागदावर तरी काढ.

आणि सगळं नव्यानं लिहू का, तर नाही. नव्यानं लिहिताना जुने बग जातात आणि जुन्या बगांवरचे जे उपाय तू विसरलायस ते पण जातात. त्याऐवजी आज रात्री तीन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल घाल, प्रत्येकी पाच-सात ओळींचं काम आहे. पहिला, दर ड्रॉला सगळे फ्लॅग लावलेले. दुसरा, दर सबमिटनंतर फेन्सची वाट बघ. तिसरा, कॅश पूर्ण बंद. गेम एका फ्रेमला दहा सेकंद घेऊ दे, काही बिघडत नाही.

पहिल्यानं बग गेला तर फ्लॅगचा तक्ता चुकलाय, गेला नाही तर चूक पॅकिंगमध्ये किंवा मेमरीत आहे, फ्लॅगकडं बघूच नकोस. दुसऱ्यानंही गेला आणि तिसऱ्यानंही गेला तर लाल बॉक्स, म्हणजे बफर लवकर पुन्हा वापरला. पहिल्यानं जात नाही, दुसऱ्यानं जात नाही, आणि फक्त तिसऱ्यानं जातोय असं झालं, तर माझा संशय खरा, पॅक केलेला जुना पत्ता. कारण पत्ताच शिळा असला तर तेच पॅकेट कितीदा पाठवलं तरी शिळंच जाणार, आणि वाट बघूनही तो ताजा होणार नाही. मेमरी चढायची थांबत नसेल तिन्ही लावून, तर साखळी. चित्र बरोबर कसं दिसायला हवं याची शंका असली तर एपीट्रेसनं (ग्राफिक्सचे हुकूम नोंदवून ठेवणारं टूल) एकदा पकडून ठेव आणि तोच ट्रेस सॉफ्टवेअर रेंडरिंग लावून एलएलव्हीएमपाइपवर (मेसाचा सीपीयूवरच चित्र काढणारा ड्रायव्हर) चालव, ते चित्र आणि तुझं चित्र शेजारी ठेव.

हे स्विच नंतर काढून टाकू नकोस, कोडमध्येच राहू दे. दुरुस्त्या लहान लहान कमिटमध्ये, प्रत्येक कमिटनंतर डीईक्यूपी (ग्राफिक्स ड्रायव्हर तपासायच्या टेस्टचा संच) चालव. क्रम मी असा धरेन : नवीन बॅच एकाच फंक्शनमधून, मग बॅचकडं रेफरन्स, मग व्ह्यूमधून पत्ता बाहेर, बादल्या आणि साखळी त्यानंतर, आणि फ्लॅगची नावं बदलणं अगदी शेवटी, कारण त्यात सगळ्या फाइल हलतात आणि मधेच काही तुटलं तर बायसेक्ट करायला (कुठल्या कमिटनं मोडलं ते शोधायला) जीव जातो.

तिसऱ्या स्विचचं काय झालं ते इथंच खाली लिही. आणि कर्नल ड्रायव्हर मेनलाइनचा आहे की तुझा तेही लिही, तुझा असेल तर फेन्सचा भाग चिकटव, बघून सांगतो. शनिवारी निपाणीला येणंजाणं असतंय माझं, पण असले बग समोरासमोर बसून सापडत नाहीत, ट्रेस पाठव.